‘रिग्रेशन’ : एका संज्ञेची कुळकथा

प्रत्येक शास्त्राच्या परिभाषेंत कांहीं शब्द असे असतात कीं, ते रोज तोंडीं असणाऱ्यांसही त्यांचा मूळ अर्थ पुसला असतां क्षणभर निरुत्तर व्हावें लागतें. संख्याशास्त्रांतील ‘रिग्रेशन’ हा शब्द अशांपैकींच एक होय. पिकाचा अंदाज, औषधाचा गुण, घराची किंमत, विद्यार्थ्याचें यश, यांतील कोणत्याही गोष्टीचा इतर गोष्टींशीं मेळ घालावयाचा म्हटला म्हणजे आजचा अभ्यासक प्रथम या पद्धतीकडे वळतो. आणि संगणक हातीं आल्यापासून तर ज्या गणितास पूर्वीं दिवसचे दिवस लागत तें निमिषांत होऊन जातें. परंतु इंग्रजी भाषेंत या शब्दाचा सरळ अर्थ ‘मागें जाणें’, ‘परत फिरणें’ असा आहे. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें एकदां उभें राहून विचारलें, “सर, खतावरून पिकाचा अंदाज काढण्याच्या या गणितांत मागें फिरतें कोण?” प्रश्न रास्त होता. आम्हीं मात्र ‘तें एक नांव आहे, एवढेंच समजा’ असें सांगून त्या दिवशीं वेळ मारून नेली, आणि त्याची खंत आम्हांस पुष्कळ दिवस राहिली. पुढें त्या शब्दाचा माग काढीत गेलों तेव्हां असें दिसून आलें कीं, तें नुसतें नांव नव्हे. एका मोठ्या शोधाची, व त्या शोधाच्याच पोटीं जन्मलेल्या एका मोठ्या गैरसमजाची, ती खूण आहे. तो गैरसमज ज्यांना ज्यांना भोंवला त्यांत आम्हीही एक होतों. ती सर्व हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा या लेखांत विचार आहे.

नांवापेक्षां पद्धति वयानें मोठी आहे, ही गोष्ट प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. १८०१ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस सिसिली बेटांतील पालेर्मो येथें पियाझी या ज्योतिर्विदास आकाशांत एक नवी ज्योति दिसली. तिला पुढें सेरेस हें नांव मिळालें. कांहीं आठवडे तिचे वेध घेतले जातात न जातात तोंच ती सूर्याच्या तेजांत लोपली. आणि ती पुनः कोठें दिसेल हें सांगण्यास ज्योतिर्विदांच्या हातांत काय तें तेवढे थोडे वेध उरले. चोवीस वर्षांच्या गाउसनें त्यांवरून तिची कक्षा मांडून दाखविली, व वर्षअखेरीस ती त्यानें वर्तविलेल्या जागेच्या जवळच सांपडली. आतां प्रत्येक वेधांत थोडीबहुत चूक असावयाचीच. मग सर्व वेधांशीं उत्तम जुळणारी वाट कोणती म्हणावी? तर जिच्यापासून निरनिराळ्या वेधांचीं जीं अंतरें राहतात त्यांच्या वर्गांची बेरीज लहानांत लहान होते ती. ही ‘लघुतम वर्गांची रीत’ फ्रान्समध्यें लजांद्रनें १८०५ सालीं छापून प्रसिद्ध केली. गाउसनें १८०९ सालच्या आपल्या ग्रंथांत ती आपण १७९५ पासूनच वापरीत आहों असें लिहिलें, व त्यावरून उभयतांत अग्रमानाचा वाद माजला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आज ज्यास रिग्रेशन म्हणतात त्याचें गणित त्या नांवाच्या ऐंशी वर्षें अगोदर तयार होतें, आणि त्यांत मागें फिरण्याची कल्पना तिळमात्रही नव्हती, इतकेंच आपणांस ध्यानांत ठेवावयाचें आहे.

ती कल्पना आली ती आकाशाकडे पाहणाऱ्यांकडून नव्हे, तर मनुष्याच्या कुळाकडे पाहणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाकडून. फ्रान्सिस गाल्टन (१८२२–१९११) हा एरॅस्मस डार्विनचा नातू, व त्यामुळें सुप्रसिद्ध चार्ल्स डार्विनचा भाऊबंद. घरची संपत्ति भरपूर असल्यामुळें पोटाच्या उद्योगाची चिंता त्यास नव्हती. त्यानें आफ्रिकेंत प्रवास केला, हवामानाचे नकाशे काढले, बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहिला. जें दिसेल तें मोजावें, आणि जें मोजतां येत नाहीं असें लोक म्हणतील तें तर अगोदर मोजावें, असा त्याचा बाणा होता. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपणांकडे आहे, तशा अर्थाच्या म्हणी बहुतेक सर्व देशांत आहेत; परंतु खाणीचें किती मातींत उतरतें हा प्रश्न गाल्टनपूर्वीं अंकांनीं कोणी फारसा विचारला नव्हता. १८६९ सालीं त्यानें थोरांच्या कुळांत थोर माणसें किती निपजतात याची मोजदाद करणारा ग्रंथ लिहिला. पण थोरपणास गज लावतां येत नाहीं हें त्यासही कळत होतें. म्हणून तो बियांकडे वळला.

१८७५ सालीं त्यानें स्वीट पी या फुलवेलीचें बीं घेतलें. या वेलीचें बीं बहुधा स्वतःच्याच परागानें धरतें, त्यामुळें आईबाप असे दोन वेगळे जनक मोजण्याची दगदग त्यांत नव्हती. वजनाप्रमाणें त्यानें बियांच्या सात प्रती लावल्या, त्यांच्या पुड्या बांधल्या, आणि त्या ठिकठिकाणच्या मित्रांकडे पेरण्यास पाठविल्या. त्या मित्रांत डार्विनही होता. पीक आल्यावर नवें बीं परत मागवून त्यानें तें मापलें. मोठ्या बियांची प्रजा सरासरीहून मोठी निघाली खरी, परंतु आपल्या आयांइतकी मोठी नव्हे. लहान बियांची प्रजा लहान निघाली, परंतु आयांइतकी लहान नव्हे. सरासरीपासून आईचें जें अंतर, त्याचा सुमारें तिसरा हिस्साच प्रजेंत उतरला होता. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें व्याख्यान देतांना त्यानें या गोष्टीस ‘रिव्हर्शन’, म्हणजे पूर्वस्थितीस परतणें, असें नांव दिलें. पुढें तोच शब्द किंचित् बदलून ‘रिग्रेशन’ झाला.

बियांवरून माणसांकडे येण्यास त्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. १८८४ सालीं लंडनमध्यें आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. तेथें त्यानें शरीरमापनाची एक प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स देऊन आंत शिरावें आणि आपली उंची, वजन, दृष्टि, मुठीचा जोर वगैरे मोजून घ्यावें! प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ माणसें अशीं मापलीं गेलीं. परंतु वारशाचा निकाल लावण्यास आईबाप व मुलें यांचीं मापें एकत्र पाहिजेत. त्यासाठीं त्यानें बक्षिसें लावून कुटुंबांच्या नोंदी मागविल्या. त्यांतून २०५ दांपत्यें व त्यांचीं ९२८ वयांत आलेलीं मुलें हातीं आलीं. स्त्रियांची उंची पुरुषांच्या तोडीची व्हावी म्हणून त्यानें ती १.०८ नें गुणली, आणि आईबापांच्या उंचीची सरासरी काढून तिला ‘मध्यजनक’ अशा अर्थाचें नांव दिलें. एकंदर सरासरी उंची ६८¼ इंच भरली. मग आंकडे कोष्टकांत मांडून पाहतां असें आढळलें कीं, मध्यजनकाचें सरासरीपासून जें अंतर असेल त्याच्या दोनतृतीयांश अंतर मुलांत राहतें. उदाहरणार्थ, मध्यजनक ७२ इंचांचा, म्हणजे सरासरीहून ३¾ इंच उंच असेल, तर त्याचीं मुलें सरासरीहून २½ इंच, म्हणजे ७०¾ इंच, भरावयाचीं. ठेंगण्यांच्या बाबतींत हीच गोष्ट उलट दिशेनें. १८८५ च्या सप्टेंबरांत अॅबर्डीन येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत त्यानें हें सांगितलें, व १८८६ सालीं त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाच्या मथळ्यांतच ‘सामान्यतेकडे रिग्रेशन’ असे शब्द होते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें : मागें फिरत होती ती उंच माणसांची संतति, आणि फिरत होती ती सरासरीकडे.

येथें चाणाक्ष वाचकाच्या मनांत एक शंका येईल. प्रत्येक पिढींत उंचांचीं मुलें थोडीं खालीं येतात व ठेंगण्यांचीं थोडीं वर जातात, तर दहावीस पिढ्यांनीं सर्व माणसें एकाच उंचीचीं होऊन बसावयास हवीं. तसें तर होत नाहीं. ही शंका गाल्टनलाही आली होती, आणि तिचें उत्तरही त्यानें बरोबर दिलें. उंचांचीं मुलें सरासरीनें खालीं येतात, सर्वच्या सर्व येत नाहींत. कांहीं बापाहून उंच निघतात. शिवाय मधल्या उंचीच्या आईबापांची संख्या फार मोठी, आणि त्यांच्या मुलांतूनही कांहीं फार उंच व कांहीं फार ठेंगणीं निपजतात. टोंकाच्या जागा रिकाम्या होतात तशा त्या मधून पुनः भरून निघतात. माणसें बदलतात, पसारा तोच राहतो.

पण खरी मेख याच्याही पुढें आहे. गाल्टननें तेंच कोष्टक उलटें धरून वाचलें. ७२ इंच उंचीचीं मुलें निवडलीं, आणि त्यांचे आईबाप किती उंच होते हें पाहिलें, तर तेही सरासरीकडेच सरकलेले! मुलांच्या अंतराचा सुमारें तिसरा हिस्साच मध्यजनकांत सांपडला. म्हणजे अशा मुलांचे मध्यजनक सरासरीनें ६९½ इंचच भरावयाचे. आतां बापाचें कांहीं मुलांत उतरतें असें म्हणतां येईल. मुलाचें बापांत उतरतें असें कोण म्हणेल? काळ तर मागें वाहत नाहीं. तेव्हां हें परतणें म्हणजे वंशांत दडलेली एखादी ओढ नव्हे, हें याच ठिकाणीं उघड व्हावयास पाहिजे होतें. उंची ठरविणाऱ्या गोष्टी अनेक असतात. त्यांतील कांहीं बापाकडून मुलास पोंचतात, कांहीं पोंचत नाहींत. आपण असामान्य उंचीचींच माणसें निवडून काढलीं, कीं ज्यांच्या बाबतींत न पोंचणाऱ्या गोष्टीही अनुकूल पडल्या होत्या अशांचीच गर्दी त्या निवडींत होते. ती अनुकूलता मुलांस मिळत नाहीं, म्हणून मुलें सरासरीकडे येतात. आणि निवड मुलांची केली तर याच कारणानें बाप सरासरीकडे येतात. ज्या दोन मापांचा परस्परसंबंध पूर्ण नाहीं, त्यांतील एकाचें टोंक निवडलें असतां दुसरें आपल्या पसाऱ्याच्या मानानें मध्याजवळ सांपडावयाचेंच. ही निवडीची करामत आहे. निसर्गाची आज्ञा नव्हे.

गाल्टननें हा उलटा हिशेब स्वतः लिहून ठेविला, तरीही तो अर्ध्या वाटेवरच थांबला. मूल कांहीं अंशीं आईबापांचें घेतें व कांहीं अंशीं दूरच्या पूर्वजांचें. पूर्वज जितके दूरचे तितके ते एकंदर लोकांसारखे. म्हणून मूल मागें खेंचलें जातें, असें कारण त्यानें दिलें. त्यावरून त्याचा असाही ग्रह झाला कीं, लहानसहान फरक असेच मागें ओढले जात असल्यामुळें प्राण्यांच्या जाती बदलावयाच्या त्या मोठ्या उडीनेंच बदलतील. ज्या शब्दाचा अर्थ ‘परत खेंचलें जाणें’ असा आहे, त्या शब्दानें आपल्या जनकाच्याच विचारास असें वळण लावलें. चांगल्या कुळांची वाढ करून मनुष्यजात सुधारावी या त्याच्या हव्यासाचें ‘युजेनिक्स’ हें नांवही १८८३ सालीं त्यानेंच घडविलें होतें. त्या विचाराचीं फळें किती कडू निघालीं हें विसाव्या शतकानें पाहिलें : १९०७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला, व १९३३ सालीं जर्मनींत नाझी राजवटीनें तोच मार्ग धरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजानें २०२० सालीं आपल्या वास्तूंवरून गाल्टन व त्याचा शिष्य कार्ल पिअर्सन यांचीं नांवें उतरविलीं, तीं याच कारणानें. इमारतींवरचीं नांवें उतरलीं. गणितांतला शब्द मात्र राहिला.

तो राहिला, पण त्याचा अर्थ पालटला, आणि तो कोणी ठरवून पालटला नाहीं. कार्ल पिअर्सन व अॅलिस ली यांनीं १९०३ सालीं १,०७८ पितापुत्रांच्या जोड्यांचीं मापें प्रसिद्ध केलीं. तींत पुत्रांची पिढी बापांच्या पिढीहून सरासरीनें सुमारें एक इंच उंच निघाली, आणि तरीही सरासरीपासूनचें बापाचें अंतर पुत्रांत सुमारें निम्मेंच राहिलें. सबंध पिढी वर चढत असतांही परतणें आपलें चालूच असतें, हें त्यावरून दिसून आलें. परंतु शब्दाच्या इतिहासांतील निर्णायक पाऊल त्यापूर्वींच पडलें होतें, आणि तें टाकणारा जॉर्ज अडनी यूल. त्यानें १८९७ सालीं असें दाखविलें कीं, गाल्टनची ही रेषा काढावयाची तर ती गाउस व लजांद्र यांच्या लघुतम वर्गांच्या रीतीनें काढावी. मग मापें उंचीचींच असलीं पाहिजेत असें नाहीं, कीं त्यांचा पसारा ठराविक घाटाचा असला पाहिजे असेंही नाहीं. आकाशांतली रीत आणि घराण्यांतला शब्द यांचें असें लग्न लागलें. दोनच वर्षांनीं, १८९९ सालीं, त्यानें इंग्लंडांतील दारिद्र्याच्या वाढघटीचीं कारणें शोधण्यास हें हत्यार लाविलें. कोणत्या भागांत घरबसल्या मदत किती दिली जाते, म्हाताऱ्यांचें प्रमाण काय, लोकवस्ती किती वाढली, अशा अनेक गोष्टींवर दारिद्र्याचा आंकडा कसा अवलंबून आहे हें त्यानें एकाच समीकरणांत मांडलें. येथें कोणी बाप नाहीं, कोणी पुत्र नाहीं, कोणी कोठें परत फिरत नाहीं. तरी रेषेचें नांव तेंच. यूल सावध गृहस्थ होता. आपल्या निबंधांत ‘अमुकामुळें’ असें जेथें लिहिलें आहे तेथें काटेकोरपणें ‘अमुकाशीं संबद्ध’ असें वाचावें, असें त्यानें तळटीपेंत बजाविलें आहे. मात्र तळटीपा वाचणारे थोडे! पुढें १९२५ सालच्या फिशरच्या ग्रंथानें ही रीत शेतांत व प्रयोगशाळेंत घरोघरीं पोंचविली, आणि हातोहात फिरणाऱ्या नाण्यावरील मुद्रा झिजावी तसा शब्दाचा मूळ अर्थ झिजून गेला.

अर्थ झिजला म्हणून ज्या घटनेस तें नांव होतें ती घटना थोडीच नाहींशी होणार? ती जगांत पूर्ववत् चालूच राहिली. फक्त तिला ओळखावें कसें याचा विसर पडला. या विसराची किंमत पंडितांनींही दिली आहे. अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अध्यापक होरेस सेक्रिस्ट यांनीं कित्येक वर्षांच्या परिश्रमानें नाना प्रकारच्या दुकानांचे व धंद्यांचे आंकडे जमवून १९३३ सालीं एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षीं ज्या पेढ्या नफ्यांत अग्रेसर होत्या त्या वर्षानुवर्षें सरासरीकडे उतरत गेल्या, व ज्या तळाशीं होत्या त्या वर आल्या. सबब स्पर्धेमुळें सर्व धंद्यास सामान्यपणाची कळा येत आहे, असा त्यांचा सिद्धांत. आरंभीं ग्रंथाची वाखाणणीही झाली. परंतु त्याच वर्षीं हॅरोल्ड होटेलिंग या गणितज्ञानें त्याचें परीक्षण करितांना दाखवून दिलें कीं, हेच आंकडे शेवटच्या वर्षाच्या क्रमानें लावून पाहिले तर नेमका उलट देखावा दिसेल; पेढ्या आरंभीं एकमेकींजवळ होत्या व पुढें पांगत गेल्या असें वाटेल. सेक्रिस्ट यांनीं जें सिद्ध केलें तें धंद्याविषयीं कांहींच नव्हतें. हत्ती रांगेंत उभे करून पाढे खरे ठरविण्यासारखा तो खटाटोप आहे, अशा अर्थाचा टोला पुढें वादविवादांत होटेलिंगनें मारला. गाल्टननें कोष्टक उलटें धरून पाहिलें होतें. सेक्रिस्ट यांनीं तें उलटें धरलें नाहीं, एवढीच काय ती चूक.

या चुकीस आम्हीं हंसावें असा आमचा अधिकार नाहीं. अध्यापनास आरंभ केल्यापासून पुष्कळ वर्षें आमचा एक ठाम सिद्धांत होता : स्तुतीनें विद्यार्थी बिघडतो, धाकानें सुधारतो. हा सिद्धांत आम्हीं कोणा ग्रंथांतून घेतलेला नव्हता. तो आमच्या डोळ्यांदेखत दरवर्षीं सिद्ध होत असे. पहिल्या चाचणींत जे अगदीं तळाशीं राहत त्यांस बोलावून आम्ही खरमरीत शब्दांत समज देत असूं, आणि दुसऱ्या चाचणींत त्यांतील बहुतेक वर येत. जे अग्रभागीं असत त्यांची वर्गासमक्ष पाठ थोपटीत असूं, आणि दुसऱ्या चाचणींत त्यांतील बहुतेक खालीं येत. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? एका वर्षीं एक शांत, अबोल मुलगा पहिल्या चाचणींत सर्वांत वर आला. आम्हीं त्याचें कौतुक केलें. दुसऱ्या चाचणींत तो सातवा आला, तेव्हां ‘कौतुक डोक्यांत गेलें वाटतें’ असें आम्ही भर वर्गांत म्हणालों. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढल्या वर्षीं त्यानें आमचा विषय सोडला. त्याचें कारण आम्हीं त्यास विचारलें नाहीं, कारण आमच्या मतें तें आम्हांस ठाऊकच होतें.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापायीं गाल्टनचा तो उलटा हिशेब वाचनांत आला, तेव्हां एके संध्याकाळीं आम्हीं कपाटांतील जुन्या गुणवह्या काढल्या, आणि त्याही उलट्या वाचून पाहिल्या. दुसऱ्या चाचणींतील पहिले दहा विद्यार्थी घेतले, आणि पहिल्या चाचणींत ते कोठें होते हें पाहिलें. बहुतेक सर्व खालींच होते. दुसऱ्या चाचणींतील शेवटचे दहा घेतले, तर पहिल्या चाचणींत त्यांतील बहुतेक वर होते. दोन्ही वेळची वर्गाची सरासरी जवळजवळ एकच, आणि गुणांचा पसाराही तसाच. आमच्या स्तुतीनें मुलें खालीं आलीं असतील तर पुढें व्हावयाच्या स्तुतीनें मागचे गुण कसे खालीं आले? ज्यास आम्ही वर्षानुवर्षें शिस्तीचा परिणाम समजत होतों तो बव्हंशीं त्या मुलांचाही नव्हता आणि आमचाही नव्हता. परीक्षेंतील गुणांत मुलाची योग्यता असते, तसा त्या दिवसाचा योगही असतो. जो सर्वांत वर येतो त्यास बहुधा दोहोंनीं हात दिलेला असतो. दुसऱ्या दिवशीं योग्यता तीच राहते, योग मात्र राहत नाहीं. त्या मुलाचें काय चुकलें होतें? कांहींच नाहीं. तो सातवा आला हें जितकें स्वाभाविक होतें, तितकेंच आमचें बोलणें अन्यायाचें होतें.

या भ्रमांत आम्ही एकटे नव्हतों, एवढेंच समाधान. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान (१९३४–२०२४) यांस इस्रायलच्या विमानदलांतील शिक्षकांनीं हाच सिद्धांत ऐकविला होता : उड्डाण उत्तम साधल्यावर शाबासकी दिली तर पुढचें बिघडतें, आणि बिघडल्यावर खडसावलें तर पुढचें सुधारतें. कानेमान यांनीं त्या शिक्षकांसच पाठमोरें उभें करून लक्ष्याकडे दोनदोन नाणीं फेंकावयास लाविलीं. ज्यांचें पहिलें नाणें जवळ पडलें त्यांचें दुसरें बहुधा दूर गेलें, ज्यांचें दूर पडलें त्यांचें दुसरें जवळ आलें. आणि तेथें तर कोणी कोणास शाबासकी दिली नव्हती कीं खडसावलें नव्हतें. त्यांनीं यावरून काढलेला निष्कर्ष मात्र विषण्ण करणारा आहे. माणूस चांगलें वागल्यावर आपण गोड बोलतों, वाईट वागल्यावर कठोर होतों. त्यामुळें गोड बोलण्याचें फळ कडू व कठोरपणाचें गोड, असा अनुभव जग आपणांस सतत देत राहतें. किती बापांनीं व किती मास्तरांनीं या खोट्या अनुभवाच्या जोरावर हात उगारला असेल, याचा हिशेब कोण करणार!

आपल्या घरांतही ही घटना नित्य वावरत असते. फक्त आपण तिला निराळीं नांवें देतों. मूल गुटगुटीत दिसतें, चारचौघी त्याचें कौतुक करितात, आणि आठ दिवसांत तें सुकतें. आजीबाई म्हणतात, दृष्ट लागली, आणि मीठमोहऱ्या ओंवाळतात. कौतुक व्हावयाचें तें मूल जेव्हां अगदीं तेजींत असतें तेव्हांच, आणि त्यानंतर थोडी उतरती कळा लागावयाचीच. उलट दुखणें अगदीं विकोपास गेलें म्हणजे आपण अंगारा लावतों, नवस बोलतों, किंवा वैद्य बदलतों. चढउतार होणारें दुखणें टोंकास पोंचल्यावर बहुधा कांहींसें उतरतेंच, आणि श्रेय अंगाऱ्यास मिळतें. नव्या औषधाची परीक्षा करितांना कांहीं रोग्यांस तें औषध न देतां त्यांच्याशीं ताडून पाहण्याचा परिपाठ पडला आहे, त्याचें एक कारण हेंच. शिस्तीचा, औषधाचा, शाळेचा परिणाम होतच नाहीं असें आमचें म्हणणें नव्हे. तो झाला कीं नाहीं हें ओळखावयाचें तर ज्यांस तो उपाय झाला नाहीं अशांचा जोड पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. हें शास्त्र आपणांकडे आलें त्यांत एक मार्ग थेट गाल्टन व पिअर्सन यांच्या लंडनच्या कॉलेजांतून येतो. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं तेथें १९३६ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली, आणि परत आल्यावर ती विद्या त्यांनीं माणसांचीं कुळें तोलण्याकडे न लावतां शेतांतील पिकांच्या अंदाजाकडे लाविली. वि. गो. पानसे व सुखात्मे यांचा शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें १९५४ सालीं प्रसिद्ध केला, व त्यावर आपल्या संशोधकांच्या पिढ्या वाढल्या. आमच्या विद्यार्थिनीचें खताचें व पिकाचें उदाहरण त्याच परंपरेंतलें.

मराठींत मात्र या शब्दास काय म्हणावें यावर एकमत नाहीं. कोणी ‘प्रतिगमन’ म्हणतात. परिभाषा कोशांतून ‘समाश्रयण’ हा शब्द रूढ झाला आहे. पहिला शब्द इंग्रजीचा अर्थ जसाच्या तसा धरतो. दुसरा त्याचा अर्थ सोडतो, आणि रीतीचें काम सांगतो : एक राशि दुसरीचा आश्रय करिते, तिच्यावर टेकून उभी राहते, असा त्याचा भाव. पुष्कळांस हा शब्द अवघड वाटतो व त्याची थट्टाही होते. परंतु आमच्या मतें येथें आपणांस इंग्रजीहून अधिक भाग्य लाभलें आहे. इंग्रजींत एकाच शब्दाखालीं दोन गोष्टी कोंडल्या गेल्या : एक, असामान्यांचें पुढच्या खेपेस सरासरीकडे येणें, ही घटना, आणि दुसरी, एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज करण्याची रेषा, ही रीत. आपणांजवळ दोन शब्द आहेत. तर ते एकमेकांचे पर्याय म्हणून कां वापरावे? घटनेस प्रतिगमन म्हणावें, रीतीस समाश्रयण म्हणावें, म्हणजे शंभरावर वर्षांचा हा घोटाळा निदान मराठींत तरी मिटेल. त्यांतही ‘आश्रय’ म्हणजे ‘कारण’ नव्हे, हें यूलच्या तळटीपेप्रमाणें ध्यानांत ठेवावें लागेलच. वेल मांडवाच्या आश्रयानें उभी राहते. मांडवानें वेल उपजत नाहीं.

आतां कोणी आमच्या वर्गांत तो प्रश्न विचारला तर आम्ही वेळ मारून नेत नाहीं. खताच्या व पिकाच्या या रेषेंत कोणी मागें फिरत नाहीं, असें आम्ही सांगतों. पीक खताचा आश्रय करितें, तें किती, एवढेंच ती रेषा सांगते. मागें फिरतात तीं माणसें, आणि तींही आपल्या दोषानें नव्हे. आपण त्यांस त्यांच्या सर्वांत वरच्या किंवा सर्वांत खालच्या दिवशीं पाहून ठेविलें म्हणून. चाचणीचे गुण लागल्यावर आम्ही अजूनही विद्यार्थ्यांस बोलावतों. जो वर आला त्यास शाबासकी देतों. आणि पुढच्या खेपेस तो थोडा खालीं आला, तर तीच शाबासकी पुनः देतों.